सांगणाऱ्यासाठी

जेवणापूर्वी आपण डोळे मिटून उपकारस्तुती करतो. ताटात काय वाढले आहे याची चौकशी मात्र क्वचितच करतो. ती करावी काय, हा प्रश्न मला एका खानावळीत पडला.

भाषांतराच्या बैठकांसाठी बंगळुरूला गेलो की मी एका लहानशा मंगळुरी खानावळीत जेवतो. सहा मेजे, नीर डोसा, बांगड्याची गस्सी आणि तव्यावर भाजलेली अंजल, म्हणजे आपली सुरमई. मंगळुरूचा किनारा तेथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मासळी बर्फात घालून येते. पण १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनपर्यंत चालते. जूनच्या त्या पहिल्या पंधरवड्यात दोन्हीकडच्या मोठ्या नौका बंदरातच असतात. मी नेमका तेव्हाच गेलो होतो.

अंजल मागताच वाढपी पाणी ओतण्याच्या निमित्ताने वाकला आणि मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "साहेब, ती घेऊ नका. शनिवारची आहे, मधे फ्रीज बंद पडला होता." त्या दिवशी मंगळवार होता. मी डाळभात मागवला. मालकांनी गल्ल्यावरून विचारले, "आज मासळी नको?" मी म्हणालो, "पोट बरे नाही." माझे पोट उत्तम होते. शेजारच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीला अंजलचे काटे काढून देत होते. मी ते पाहिले आणि जेवत राहिलो.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १०वा अध्याय मी अनेकदा तपासला आहे. बाजारातील मांस चौकशी न करता खावे, असे तो २५व्या वचनात सांगतो. तेथील मूळ क्रियापद न्यायालयातील उलटतपासणीलाही वापरतात. परंतु ते नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितलेच, तर २८व्या वचनाप्रमाणे त्या सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नये. या 'सांगणाऱ्या'साठी जे क्रियापद आहे, तेच योहान ११:५७ मध्ये येते; येशूचा ठावठिकाणा कळल्यास खबर द्यावी, असा तो हुकूम होता. आपल्या साध्या 'सांगितले' या शब्दात खबर देण्यातली जोखीम उतरत नाही, ही आम्हा भाषांतरकारांची जुनी खंत.

करिंथात प्रश्न मूर्तीच्या नैवेद्याचा होता, शिळ्या मासळीचा नव्हे. तेव्हा हे वचन मी ओढूनताणून लावणार नाही. तरीही सांगणाऱ्याचा माझ्यावर हक्क होता, एवढे खरे. मी बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती. पण त्या नातीचा हक्क? त्याने जोखीम घेऊन दिलेली खबर मी केवळ स्वतःच्या पोटासाठी खर्च केली, आणि वर तिला असत्याची जोड दिली. तीच अंजल मागवून एक घास चाखला असता, तर स्वतःच्या जिभेच्या साक्षीने मालकांना सांगता आले असते. वाढप्याचे नाव निघाले नसते. हे मला सुचले ते रिक्षात बसल्यावर.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. मालकांनी आपुलकीने विचारले, "आता पोट कसे आहे?" वाढपी पाण्याचा जग हातात धरून माझ्याकडे पाहत होता. "बरे आहे," मी म्हणालो, आणि अंजल मागवली.