कातडीवरचा मागचा जन्म

समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, जालना जिल्ह्यातल्या जांबचा. देहबुद्धी सोडा, हा दासबोधाचा आग्रह. पण त्याच मुलखात मुलीच्या कोपरावर पांढरा डाग दिसला की पाहायला आलेली मंडळी चहा संपवून उठतात आणि मागे कुणीतरी ‘मागच्या जन्मीचं’ असं पुटपुटतं. ‘मी’ म्हणजे देह नव्हे, तर देहाच्या कातडीवर पूर्वजन्माचा हिशेब वाचायचा कसा?

कोड म्हणजे महारोग नव्हे, आणि ते शिवल्याने लागतही नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवरच उठते, एवढीच गोष्ट. डाग किमान वर्षभर वाढला नाही, नवा उठला नाही, तर त्वचारोपणाचा विचार होतो. मांडीवरून किंवा कुल्ल्यावरून मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या टिकल्या काढतात आणि पांढऱ्या जागी तेवढेच खळगे करून त्यांत बसवतात. काही आठवड्यांनी प्रत्येक टिकलीभोवती रंग सरकू लागतो. आणखी एक अट: कातडी स्वतःची हवी. ज्या देहावर पापाचा शिक्का मारला, त्याच्याच झाकलेल्या भागात रंग शिल्लक असतो!

मधुमेह्याच्या पायाची महिनोन्‌महिने न भरणारी जखम हीही अशीच बदनाम. तिथे आधी मेलेलं मांस काढून, पू थांबवून, खाली लालसर तळ तयार व्हावा लागतो. मग मांडीची पातळ कातडी चाळणीसारखी छिद्रं पाडून अंथरतात. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, नंतर खालच्या रक्तवाहिन्या तिला येऊन मिळतात. मध्ये रक्त साचलं तर ती मरते. प्रारब्धाचा संबंध कुठे येतो, ते शोधूनही सापडत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ एका कारागिराने प्रारब्धाचा हा वाद न घालता कातडीचं काम केलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा बैलगाडीवाला त्याच्याकडे आला. त्याने मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याबरहुकूम कातडी सोडवून खाली वळवली आणि काथ लावलेल्या चिंध्यांनी चिकटवली. ही हकिकत 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापली गेली.

दुसऱ्याची कातडी मात्र शरीर फार काळ ठेवून घेत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती झिडकारतं. तरी मोठ्या भाजण्यात तेवढे दिवसही जीव वाचवतात. म्हणून नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृताच्या मांड्या-पाठीवरून वरचा पातळ थर तेवढा घेतात, पट्ट्या बांधून देह परत देतात; अंत्यविधी अडत नाही. ‘पुढच्या जन्मी कातडी कुठली?’ असं विचारणाऱ्यांनी अस्थी देणारा दधीची आठवावा.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते, म्हणून लगेच कळवावं लागतं. तेव्हा जवळची त्वचापेढी कोणती, हे घरात आजच विचारून ठेवा.