आधी हात, मग कान
अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये बिग सायप्रस नावाची अफाट दलदल आहे. १९७४ पासून ती राखीव आहे. तिच्यातली पायवाट पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि पायी भटकणारे हौशी लोक वाट चुकतात. रक्षक त्यांना शोधून काढतात. राष्ट्रीय उद्यान सेवा त्याचे पैसे घेत नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र निष्काळजी माणसाकडून खर्च वसूल करता येतो. रक्षकालाही घरी मुलेबाळे असतात. मग न्याय कोणता?

मी मास्तर. मीही छडी उगारली आहे. मुले शहाणी झाली नाहीत. चूक लपवायला शिकली. दंडाला भ्यालेला माणूस हाक मारायला उशीर करील आणि रक्षकाला रात्री चिखलात उतरावे लागेल. म्हणून आधी हात द्यावा. कान पिळायला पुढे सवड असतेच.