फळ नाकारले गेल्यावरचा कर्मयोग

विश्वबंधुत्वाची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने शस्त्र उचलावे काय, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात मद्रासच्या अड्यार भागातील थिऑसॉफिकल सोसायटीपुढे पुन्हा उभा राहिला. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन होऊन १८८२ च्या अखेरीस अड्यारला आलेल्या या संस्थेचे पहिले उद्दिष्ट वंश, पंथ, लिंग, जात आणि वर्ण यांचा भेद न मानणारे मानवी बंधुत्व हे होते. तरीही तिचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांनी उघडपणे मित्रराष्ट्रांचा पक्ष घेतला. ज्या सभासदांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ मताचा राहिला नाही, त्यांपैकी एक म्हणजे पोलिश सेनाधिकारी मिहाऊ तोकाझेव्स्की-कराशेविच (१८९३–१९६४).

तोकाझेव्स्की हे थिऑसॉफीशी जवळीक असलेल्या लिबरल कॅथलिक चर्च या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरूही होते. वॉर्सा शरण जाण्याच्या आदल्या दिवशी, २७ सप्टेंबर १९३९ रोजी, त्यांनी एक भूमिगत लष्करी संघटना उभारली. तिच्यातूनच १९४२ मध्ये ‘गृहसेना’ हे पोलंडमधील गुप्त सैन्य आकाराला आले, आणि ब्रिटनमध्ये शिकवून तयार केलेले ३१६ पोलिश कमांडो १९४१ पासून रात्रीच्या वेळी हवाई छत्र्यांनी उतरवले गेले ते याच चळवळीच्या मदतीला. त्यापूर्वीच संस्थापक मात्र सोव्हिएत कैदेत पडले होते. मार्च १९४० मध्ये सरहद्द ओलांडताना पकडले गेलेले तोकाझेव्स्की १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटले, जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर मध्यपूर्वेत आले आणि युद्धानंतर इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून राहिले.

शस्त्र उचलण्याचा हाच प्रश्न गीतेच्या भाष्यकारांपुढेही होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी निष्काम कर्मयोग, म्हणजे फळाची आसक्ती सोडून प्राप्त कर्तव्य करणे, हाच गीतेचा मुख्य उपदेश ठरवला आणि लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, प्रसंगी युद्धही कर्तव्य मानले, तर गांधींनी कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात पाहिले. हा वाद बहुतेक वेळा युद्धात उतरावे की नाही याच उंबरठ्यावर रंगतो, आणि लढाई संपल्यानंतरच्या काळाकडे भाष्यकारांचे लक्ष क्वचितच जाते. अर्जुनाला अखेर राज्य मिळाले, त्यामुळे त्याच्या फलत्यागाची कसोटी एका अर्थाने अपुरीच राहिली. ज्याचे फळ दुसऱ्यांनीच वाटून घेतले, त्याने त्याग कशाचा करावयाचा?

१९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेनंतर पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनने लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. ते सरकार तरीही डिसेंबर १९९० पर्यंत टिकून राहिले आणि तोकाझेव्स्की त्याच्या सशस्त्र दलांचे महानिरीक्षक झाले. दले मात्र उरली नव्हती. वेदान्ताच्या दृष्टीने पाहणारा याला आसक्ती म्हणेल, आणि वांदा दिनोव्स्का यांचे उदाहरण पुढे ठेवील. पोलंडमधील थिऑसॉफी चळवळीच्या या अग्रणी १९३५ मध्ये भारतात आल्या आणि उमादेवी या नावाने राहिल्या. १९४४ मध्ये त्यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्यासह, म्हणजे ज्यांनी पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली त्यांच्यासह, मद्रासमध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू करून भारतीय धर्मविचार पोलिश भाषेत नेला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहत होते. त्यांच्यातही दिनोव्स्का यांनी काम केले. पुढे त्या तिबेटी निर्वासितांच्या सेवेत गुंतल्या आणि १९७१ मध्ये म्हैसूर येथे वारल्या. गमावलेले परत मागण्याऐवजी समोर आलेल्याचे काम करीत राहणे, हा त्यांचा मार्ग फलत्यागाच्या व्याख्येत सहज बसतो.

तरीही या तुलनेत सेनाधिकाऱ्यावर अन्याय होतो. दिनोव्स्का यांनी कोणाला मृत्यूच्या तोंडी पाठवले नव्हते. भूमिगत सेनेच्या प्रमुखाने इतरांकडून शपथा घेतल्या होत्या आणि त्या शपथा ज्या स्वतंत्र देशासाठी होत्या, तो देश हे त्याचे एकट्याचे फळ नव्हते. स्वतःच्या वाट्याचे सोडता येते. मेलेल्यांच्या वाट्याचे सोडण्याचा अधिकार सेनापतीला कोठून मिळावा? शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर जिंकलेले राज्य टाकून वनात जाऊ पाहतो, तेव्हा त्याचे भाऊ आणि द्रौपदी त्याला अडवतात, आणि ज्याच्यासाठी इतरांनी इतके सोसले ते एकट्याने टाकता येत नाही, हा अर्थ त्यांच्या विरोधातून काढता येतो. युधिष्ठिराजवळ सांभाळायला निदान राज्य तरी होते. तोकाझेव्स्की यांच्याजवळ केवळ त्या राज्यावरचा दावा होता, आणि तो न सोडणे ही विरक्तीतली उणीव नसून दुसऱ्यांच्या ठेवीची राखण होती, असे मानणे अधिक न्याय्य ठरते. अर्थात, राखणदाराला ठेवीचाच मोह जडला की काय, हे बाहेरून ठरवता येत नाही. निष्कामतेविषयीच्या प्रत्येक निर्णयाला ही मर्यादा असतेच.