पहिलं प्रेम जमलं तर?

मराठी सिनेमाला पहिलं प्रेम फार आवडतं, पण फसलेलं. ‘शाळा’तली शिरोडकर गाव सोडून निघून जाते. ‘ती सध्या काय करते’चा नायक स्वतःचा संसार थाटल्यावर जुन्या मैत्रिणीच्या आठवणीत रमतो. 2013 साली ‘दुनियादारी’ लागला, तेव्हा पन्नाशीतली माणसं कॉलेजच्या कट्ट्याची आठवण काढत डोळे पुसत थिएटरबाहेर पडत होती. ही हळहळ खोटी नाही, पण सोयीची आहे.

फसलेलं प्रेम कुणाचंच काही बिघडवत नाही. मुलगी ठरल्या घरी नांदायला जाते, मुलगा नोकरीला लागतो, जमीन भावकीत राहते, सोयरिकी जुन्याच वाटेने होत राहतात. वीस वर्षांनी त्या प्रेमाची गोष्ट बायकोसमोरही हसत सांगता येते. जातीला अशा प्रेमाची भीती वाटत नाही, वाटते ती जमलेल्या प्रेमाची. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये 1936 सालीच बजावलं होतं की सहभोजनांनी जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. एका बाकावर बसणं, एका डब्यातलं खाणं इथवर समाज येतो. पुढचं पाऊल पडलं की दारं लागतात.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ वेगळा ठरतो तो इथेच. 29 एप्रिल 2016 रोजी आलेल्या या सिनेमात पहिलं प्रेम जमतं, आणि जमल्यावर काय होतं हे दाखवायला दिग्दर्शक अर्धा सिनेमा खर्च करतो.

पूर्वार्ध करमाळ्याच्या परिसरातला. विहीर, उसाचे फड, क्रिकेटचे सामने आणि कॉलेज. मुलाने बघायचं आणि मुलीने लाजायचं, हा पडद्याचा जुना रिवाज. इथे भर वर्गात आर्चीच परश्यावर नजर रोखून बसते आणि कावराबावरा होतो तो. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. रिंकू राजगुरूच्या या आर्चीवर महाराष्ट्र भाळला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. पण आर्चीचं हे धाडस येतं कुठून? ती तात्यांची, म्हणजे पाटलांची लेक आहे. गावात तिला अडवणार कोण? तिचा भाऊ प्रिन्स याच जोरावर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो. बहिणीचा बिनधास्तपणा आणि भावाची थप्पड, दोन्ही एकाच वाड्यातून येतात. मासेमाराचा पोर असलेल्या परश्याला यातलं काहीच परवडणारं नाही. त्याच्याकडे हुशारी आहे, बॅट आहे आणि दोन जिवलग मित्र आहेत.

कॉलेज म्हणजे जातीबाहेरची मोकळी जागा, असं आपण धरून चालतो. ग्रामीण महाराष्ट्रात कॉलेजं कुणी काढली, हे आठवलं तर हा समज टिकत नाही. साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षण संस्था हे बऱ्याच तालुक्यांत एकाच घराण्याच्या हाती राहिलं. या संस्थांचं श्रेय मोठं आहे. त्यांच्यामुळे शेतमजुराचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचला, आणि मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत झाल्यावर त्याही वर्गात आल्या. पण ज्याने वर्ग बांधला, त्यानेच वर्गाची हद्दही आखली. 2014 साली नगर जिल्ह्यात खर्डा इथे बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलाची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचं बोलणं आहे, एवढा संशय पुरला. साक्षीदार फिरले आणि 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. ‘सैराट’च्या शेवटी होणारी दोघांची हत्या अतिरंजित म्हणणाऱ्यांनी खर्डा विसरू नये.

उत्तरार्ध दोघं पळून जातात त्या हैदराबादचा. चारही गाणी संपलेली असतात. अजय-अतुलने लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह केलेलं ते भव्य संगीत मागे राहतं आणि उरते पत्र्याची खोली. वाड्यातली आर्ची कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. मग त्याच्या मनात संशय शिरतो आणि तो तिच्यावर हात उचलतो. इथे मंजुळे आपल्या नायकालाही सूट देत नाहीत. जातीने दाबलेला पुरुष घरात पुरुषच राहू शकतो, हे ते स्पष्ट दाखवतात. आर्ची निघून जाते, परत येते, संसार पुन्हा उभा राहतो. वयात येण्याची खरी गोष्ट ही आहे. कॉलेजात दोघं प्रेमात पडतात, पण मोठी होतात ती पगार, भाडं आणि पश्चात्ताप यांचा हिशोब जुळवताना. तो संसार मार्गी लागतो आणि नेमका तेव्हाच माहेरचा आहेर दारात येतो.

सिनेमाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला; कुठल्याही मराठी सिनेमाला हे आधी जमलं नव्हतं. पण आपण घरी काय नेलं? ‘झिंगाट’. आज ते हळदीत वाजतं, वरातीत वाजतं, आणि यातली बहुतेक लग्नं जातीतच ठरलेली असतात. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा आपण उचलला आणि पुढचा थिएटरातच ठेवून आलो. फसलेल्या प्रेमावर हळहळणारा समाज जमलेल्या प्रेमाच्या गाण्यावर नाचायला शिकला, एवढाच बदल झाला.

या शेवटाने पोरं घाबरतील, असा एक आक्षेप होता. पोरांना हे आधीच ठाऊक असतं. तो शेवट आईबापांसाठी आहे. कायदा आज मुलांच्या बाजूला आहे, पण अर्धाच. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते, आणि माग काढणाऱ्या घरच्यांना तेवढा वेळ पुरतो. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सरकारांना बजावलं. राज्य सरकार आंतरजातीय विवाहाला पन्नास हजारांचं साहाय्य देतं. पण पैसा सरकार देईल, पहारा पोलीस देतील. घराचं दार घरच्यांनीच उघडायला हवं.

म्हणून गॅदरिंगला ‘झिंगाट’ खुशाल वाजवा, पण मध्यंतरानंतरचा सिनेमाही एकदा घरच्यांसोबत बसून बघा. आणि उद्या लेकीने कुणाचं नाव घेतलं, तर ‘कुणापैकी?’ असं विचारू नका. ‘कसा आहे?’ एवढंच विचारा.