स्प्रिंग: एका शब्दाजवळ बसताना

बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो आहे, जातो आहे. येऊ द्या. जाऊ द्या.

आज एकच शब्द जवळ घेऊन बसायचं आहे. इंग्रजीतला, रोजच्या वापरातला. स्प्रिंग.

सावकाश उच्चारा. आधी 'स'चा बारीक सूर. मग ओठ मिटतात. मग आवाज सुटतो, आणि नाकात थोडा घुमत राहतो.

थांबा. तो विरेपर्यंत ऐका.

आता दक्षिण इंग्लंडमधली खडूच्या दगडाची एक टेकडी पाहा. वर आखूड गवत. खाली पांढरा, सच्छिद्र दगड.

हिवाळ्यात पाऊस पडतो. पाणी आत मुरतं. बारीक भेगांमधून खाली जातं. कुठेतरी चिकणमातीचा थर लागतो. तिथे ते अडतं. साठतं.

आणि पायथ्याशी, वाट मिळेल तिथे, बाहेर येतं.

हा झरा. हाही स्प्रिंग.

जवळ बसा. पाण्यात हात घाला. उन्हाळा असो, हिवाळा असो, हे पाणी साधारण 10 अंशांच्या आसपासच असतं. तळ पाहा. पाणी वर येतं तिथे वाळूचे कण हलत राहतात.

पाहत राहा.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'स्प्रिंगान' असं क्रियापद आहे. उसळणं. झेप घेणं. फुटून बाहेर येणं. झऱ्याचं नाव त्याच मुळातलं.

आज वसंतही स्प्रिंग. त्या काळी त्याचं नाव मात्र वेगळं आहे: 'लेन्क्टेन'. दिवस लांबू लागतात, तो हा काळ. पुढे हे नाव ईस्टरआधीच्या उपवासाला चिकटतं आणि 'लेन्ट' होतं.

16व्या शतकात लोक ऋतूला 'स्प्रिंग ऑफ द लीफ' म्हणताना दिसतात. पालवी फुटण्याची वेळ. हळूहळू नावातलं पान गळतं. फुटणं तेवढं उरतं.

एक उघडी फांदी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावरचा एक बंद कोंब. त्याला उघडायला सांगू नका. नुसते त्याच्यापाशी राहा.

श्वास येतो आहे. जातो आहे.

आता समुद्र. अमावास्या किंवा पौर्णिमा. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत. भरतीचं पाणी नेहमीपेक्षा उंच चढतं. इंग्रजीत ही 'स्प्रिंग टाइड'. वसंताशी तिचं नातं नाही. ती बारा महिने येते. कोकणच्या किनाऱ्यावर हेच उधाण.

चढणारं पाणी पाहा. घाई नको.

आता एक घड्याळ. 15व्या शतकात युरोपातल्या घड्याळांमध्ये धातूची गुंडाळलेली पट्टी येते. हीही स्प्रिंग. किल्ली दिली की ती आवळते. मग कितीतरी तास हळूहळू सैल होत राहते, आणि काटा चालतो. 1678 मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक स्प्रिंगविषयीचा नियम छापतो: जितका ताण, तितका जोर.

मराठी घरांत हा शब्द आला तो बहुतेक या रूपात. पेनातला, गादीतला, दाराला लावलेला.

झरा. पालवी. भरती. पोलाद. चारही एकदम समोर राहू द्या. कुठलाच अर्थ निवडू नका.

उसळण्याआधी काय आहे, ते ऐका.

टेकडीत मुरलेला पाऊस आहे. कोंबात मिटलेलं पान आहे. आवळलेल्या पट्टीत अजून न फिरलेला काटा आहे. प्रत्येक उसळीआधी एक साठणं आहे. ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्यातही ते आहे. श्वास पूर्ण सोडा. सोडून झाल्यावर थांबा. पुढचा श्वास ओढू नका. त्याची वाट पाहा.

तो आपणहून येतो.

पुन्हा सोडा. पुन्हा वाट पाहा.

मनात बरेच दिवस काही मुरत असेल, एखादं बोलणं, एखादं काम, तर त्यालाही एवढाच वेळ द्या. ते साठतं आहे. त्याला ओढून काढायची गरज नाही. ते वर येईल तेव्हा अडवू नका, एवढं पुरे.