गप्प मुलाला प्रश्न विचारावा काय?

वर्गात सातत्याने गप्प बसणाऱ्या मुलाला नाव घेऊन प्रश्न विचारावा की ते आपणहून बोलेपर्यंत थांबावे, हा पेच अध्यापनतंत्राचा म्हणून मांडला जात असला, तरी मुळात तो नीतीचा आहे. पालघर जिल्ह्यातील वारलीभाषक मुलांची द्विशिक्षकी शाळा समोर ठेवून एक तरुण गुरुजी आणि अध्यापक विद्यालयातील ज्येष्ठ बाई यांच्यातील संवाद येथे कल्पिला आहे.

गुरुजी : बाई, न विचारणे म्हणजे त्या मुलाला वगळणेच नव्हे काय? हात वर करणारी चार-पाच मुलेच तास पुढे नेतात आणि बाकीची केवळ हजेरीपटावर उपस्थित राहतात.

बाई : वगळणे होतेच, परंतु नाव पुकारले की सहभाग घडला, असे मानण्याची घाई नको. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 'प्रतीक्षाकाल', म्हणजे प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी थांबतो तो अवधी, मोजला, तेव्हा तो सरासरी एका सेकंदाच्या आसपास निघाला; तो तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली आणि अधिक मुले आपणहून बोलू लागली. मूल गप्प आहे हा निष्कर्ष पुष्कळदा ते बोलण्याआधीच काढला जातो.

गुरुजी : तीन सेकंदांत भीती जाईल काय? याच जिल्ह्यात, कोसबाडला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुले येण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढून त्यांनी शाळाच चराईच्या जागी नेली. पुढाकार शिक्षकाचा असेल, तर नाव घेऊन विचारण्यात गैर काय?

बाई : पुढाकार शिक्षकाचाच. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात पूर्ण परस्परता असू शकत नाही, असे मार्टिन बुबर या तत्त्वज्ञानेही मांडले आहे. मुलाच्या बाजूने प्रसंग अनुभवणे हे शिक्षकाचे काम, मुलाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण कुरणशाळेत शिकण्यासाठी मुलाला गुरे सोडावी लागत नव्हती. वर्गात उत्तर देण्यासाठी मात्र त्याला घरची बोली सोडावी लागते, तीही सर्वांदेखत. सक्ती असते ती या अटीत.

गुरुजी : अट काढली, तर प्रमाण मराठी यायची कधी? पाठ्यपुस्तक तिच्यातच आहे आणि पुढची परीक्षाही.

बाई : आधी आशय स्वीकारावा, रूप नंतर सुधारावे.

गुरुजी : हे 'नंतर' येतच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसतात आणि एका मुलाच्या वाक्याकडे परत येईपर्यंत घंटा होते.

(शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतील वर्ग बहुधा एकाच इयत्तेचा असतो, त्यामुळे या आक्षेपाला तेथे उत्तर सापडणे कठीण.)

बाई : आक्षेप मान्य. म्हणून 'नंतर' केव्हा, हे तासाआधीच ठरलेले असावे. उत्तर वारलीत आले की ते तसेच फळ्यावर लिहावे, शेजारी त्याचे प्रमाण रूप द्यावे आणि दोन्ही साऱ्या वर्गाने वाचावीत, म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्या मुलाला उभे राहावे लागत नाही.

गुरुजी : आणि तरीही ते बोललेच नाही तर?

बाई : तर त्याला शेजारच्या मुलाशी बोलू द्यावे आणि ते कानावर पडेल इतक्या जवळ शिक्षकाने बसावे. असे किती दिवस चालू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र शिक्षकाकडेच राहतो, आणि तो भलत्या दिवशी वापरला जाण्याचा धोकाही.