आपापल्या घरासमोर

शास्त्रभाग : नहेम्या २:११-१८ आणि अध्याय ३



काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने मंदिराच्या आवाराला पक्की भिंत बांधली. वर्गणी जमली, पंचकमिटीत ठराव झाला, प्रार्थना करून पाया घातला आणि काम पुरे झाल्यावर आम्ही उपकारस्तुतीची उपासनाही केली. मग पहिला मोठा पाऊस आला. पूर्वी आमच्या आवारातून वाहून जाणारे पाणी भिंतीला अडले आणि मागच्या वस्तीत शिरले. दोन दिवस तिथल्या चुली पेटल्या नाहीत. आम्ही धावत गेलो, तेव्हा उंबऱ्यावरचे पाणी लोटीत एक आजी म्हणाल्या, "भिंत बांधायला आमची ना नव्हती. पण एकदा विचारलं असतं, तर पाणी कुठून जातं ते सांगितलं असतं."

आजींच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हाला अधिक लागले. आम्ही देवाला विचारले होते, ठेकेदारालाही विचारले होते. शेजाऱ्याला तेवढे विचारले नव्हते.

त्या पावसाळ्यात आम्ही नहेम्याचे पुस्तक पुन्हा उघडले. नहेम्या राजाची पत्रे घेऊन यरुशलेमेत आला. त्याच्यापाशी अधिकार होता, लाकूड मिळण्याची सोय होती. तरीही त्याने आल्याबरोबर हुकूम सोडला नाही. तीन दिवस तो थांबला. मग रात्री थोड्या माणसांबरोबर निघून त्याने पडलेली भिंत आणि जळालेल्या वेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायलाही वाट नव्हती. त्यानंतर तो लोकांसमोर उभा राहिला. आपली दुर्दशा तुम्ही पाहतच आहात, चला, आपण बांधू, असे तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी बांधतो" असे तो म्हणाला नाही. लोकांनीही आपण उठून बांधू या असेच उत्तर दिले.

तिसरा अध्याय आपण बहुधा गाळून पुढे जातो, कारण त्यात नावांची लांबलचक यादी आहे. पण ती यादी वाचण्यासारखी आहे. मुख्य याजक तिच्यात आहे, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन कामावर आला. एका प्रांताच्या अधिकाऱ्याने उकिरड्याच्या वेशीची दुरुस्ती पत्करली. आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते : अमक्याने आपल्या घरासमोर दुरुस्ती केली. मशुल्लाम नावाच्या एकाने तर आपल्या खोलीसमोर केली. एका खोलीत राहणाऱ्यालाही त्या शहराच्या उद्यात वाटा होता! ज्याचा उंबरा त्या भिंतीला लागून होता त्याला तिचा खड्डा ठाऊक होता, आणि ती पक्की व्हावी याची तळमळही त्यालाच होती. बावन्न दिवसांत काम पुरे झाले.

आपल्या प्रभूचीही रीत पाहा. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारीत होता. त्याला काय हवे होते हे सर्वज्ञ प्रभूला ठाऊक नव्हते काय? तरी प्रभू थांबला आणि मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे त्याने विचारले (मार्क १०:५१). रस्त्याच्या कडेला बसलेल्या भिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या जीवनाविषयी बोलू देणे हा प्रभूने त्याला दिलेला मान होता. दृष्टी त्याला त्यानंतर मिळाली.

विचारल्यावर आणि सोबत घेतल्यावर माणसे काय करतात याचे एक उदाहरण इंदूर शहरात घडले, जिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन घरात वाढलेले पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून तिथे आले. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी शहरात प्लेगची दहशत होती. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा म्हातारा साहेब आता आपली घरे पाडणार, अशी लोकांना भीती वाटे. गेडीस यांचे मत मात्र उलट होते. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती उद्ध्वस्त करू नये. आधी नीट पाहावे, शक्य तितके राखावे आणि अगदी नडेल तेवढेच काढावे, असे ते सांगत.

हे लोकांना पटावे कसे? त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तिथून ती जाईल. कचरा फुकट उचलण्याची व्यवस्था झाली. लोकांनी घरे झाडली, रंगवली, आपापल्या दारापुढची डागडुजी केली आणि गाड्यांवर गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत उंदरांच्या आणि डासांच्या प्रचंड प्रतिमा होत्या. पुढे होऊ घातलेल्या शहराचे चित्रही होते, म्हणजे जो नकाशा कचेरीत राहायचा तो रस्त्यावर सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. आणि ज्यांच्याकडे एरवी कोणी वळून पाहत नसे ते सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांच्या माळा घालून, रंगवलेल्या गाड्या घेऊन मानाने चालत होते. सण आपल्या शेजाऱ्यांचा होता, पण धडा आपणही घ्यावा असा आहे. आज तेच इंदूर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले आले आहे. घराघरात ओला व सुका कचरा वेगळा ठेवल्याशिवाय ते झाले नसते.

आता आपल्याकडे वळू या. शहराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो लोकांपुढे ठेवून हरकती व सूचना मागवाव्यात अशी तरतूद महाराष्ट्रात १९६६ च्या आणि मध्य प्रदेशात १९७३ च्या कायद्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील लहानसहान कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येऊ लागली. दारे आहेत, आपण ती किती वेळा ठोठावतो? रस्तारुंदीची खूण आपल्या भिंतीवर उमटली म्हणजे आपण जागे होतो, आणि तोवर मुदत टळून गेलेली असते. जुन्या मिशन कंपाउंडांनी आपल्याला आसरा दिला, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. पण कंपाउंडाच्या आत सारे आपले आणि बाहेरचे सारे सरकारचे, अशी सवयही आपल्याला तिथेच लागली. बाबेलमध्ये बंदिवान असलेल्यांनासुद्धा देवाने त्या परक्या नगराचे हित चिंतायला सांगितले (यिर्मया २९:७). आपण तर आपल्याच गावात राहतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. एका रविवारी जखऱ्या ८:४-५ हा भाग मुलांना शिकवा. तिथे देवाने यरुशलेमेचे भविष्य दाखवले आहे. त्यात राजवाड्याचा उल्लेख नाही. काठी टेकून रस्त्यात बसलेले म्हातारे आणि खेळणारी मुलेमुली आहेत. मग मुलांना वस्तीतून फिरवून आणा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढू द्या. तुम्ही कुठे खेळता? कुठून जायला भिता? आजोबांना टेकायला जागा कुठे आहे? दिवा कुठे नाही? महिला मंडळाने पाण्याच्या वेळा व नळाची जागा यांविषयी शेजारणींना विचारावे. कचरा नेणाऱ्या भावाला खुर्ची देऊन विचारावे, कारण वस्तीची नाडी त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसते. हे सारे नकाशे एका संध्याकाळी भिंतीवर लावा आणि सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना बोलवा. त्या दिवशी उपदेश आपण करायचा नाही, ऐकायचे. त्यांतले जे आपल्या हातांनी होईल असे एक लहान काम त्याच महिन्यात करा, आणि उरलेले सर्वांच्या सह्यांनिशी नगरसेवकाकडे न्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तकोवाचे सामान्य लोक कामाला लागले, पण त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही. वडीलजनहो, वही घेऊन अध्यक्षपदी बसणे सोपे आहे. मुलाच्या रेघोट्यांपुढे मान वाकवणे कठीण आहे. दुसरी गोष्ट पाचव्या अध्यायात आहे. भिंतीचे काम चालू असतानाच गोरगरिबांनी आरोळी केली की आमची शेते गहाण पडली, आमची मुले दास झाली. "आधी भिंत होऊ द्या" असे नहेम्याने म्हटले नाही. त्याने मोठी सभा बोलावली आणि तो आपल्याच भाऊबंदांशी कडक बोलला. लोकांना विचारले की आपल्याला न आवडणारी उत्तरेही येतात. आधीच ठरवून मग विचारणे हे विचारणे नव्हे.

आमच्या भिंतीचे काय झाले? आजींनी काठीने जागा दाखवली आणि तिथे भिंत फोडून आम्ही मोरी काढली. ती दर पावसाळ्यात वाहते, आणि ती पाहिली की आम्हाला योहानाच्या पहिल्या अध्यायाची आठवण होते. शब्द देही झाला आणि त्याने वस्ती केली ती आपल्यामध्ये. भिंतीआडून त्याने आपले तारण केले नाही.

हे प्रभो, बार्तीमयासाठी तू थांबलास तसे आम्हालाही थांबायला शिकव. जे आम्ही कोणाला विचारले नाही त्याची क्षमा कर, आणि आपापल्या घरासमोरचे काम करण्यास आमचे हात बळकट कर. आमेन.